दुर्बीण धुणाऱ्याच्या वेळेची किंमत

२०१५ च्या फेब्रुवारी महिन्यात लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयाने १७९ रुग्णांना एक अप्रिय वार्ता कळविली. मागील काही महिन्यांत त्यांच्या पोटात ज्या दुर्बिणी घालण्यात आल्या होत्या, त्यांतील काहींवाटे एका घातक जंतूशी त्यांचा संपर्क आला असण्याचा संभव होता. सात जणांना संसर्ग झाल्याचे तोवर निष्पन्न झाले होते आणि त्यांपैकी दोघांच्या मृत्यूला या संसर्गाचा हातभार लागला असावा, असे रुग्णालयाने मान्य केले होते. जंतू असा की, इतर प्रतिजैविके थकल्यानंतर ज्यांचा आधार घ्यावयाचा, त्या कार्बापेनेम वर्गातील औषधांनाही तो दाद देत नव्हता. रुग्णालयाचे म्हणणे एवढेच होते की, उत्पादकाने घालून दिलेल्या सूचनांबरहुकूम या दुर्बिणी धुतल्या गेल्या होत्या.

असे म्हणणे बचावाचे म्हणून सोडून देता आले असते. पण त्याच्या दोन वर्षे आधी, २०१३ साली, इलिनॉय राज्यातील एका रुग्णालयात असाच प्रकार होऊन ३९ रुग्णांमध्ये अशा जंतूचा शोध लागला होता आणि तपास करणाऱ्यांना धुण्याच्या पद्धतीत कसलीही चूक सापडली नव्हती. रसायनात बुडवून जंतू मारण्याऐवजी इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुकीकरण सुरू केल्यावरच तेथील नवे रुग्ण थांबले. या जंतूच्या अंगी जे विकर होते, त्याच्या नावात 'नवी दिल्ली' आहे. २०१० साली या नावावरून आपल्या सरकारने बरीच नाराजी व्यक्त केली होती. नाव योग्य की अयोग्य हा वाद बाजूला ठेवला तरी, अशा जंतूंचा आपल्या रुग्णालयांत सुकाळ आहे ही गोष्ट नाव बदलून बदलणारी नव्हती. अमेरिकेतील घटनांकडे आपण परक्याचे दुखणे म्हणून पाहू शकत नाही, ते यामुळे.

ज्या उपकरणाने हा घोळ घातला त्याची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झाली, किंवा गाठीने ती नलिका दाबली गेली, तर पूर्वी पोट फाडून शस्त्रक्रिया करण्यावाचून इलाज नसे. आता तोंडावाटे एक लांब, लवचीक नळी लहान आतड्याच्या आरंभापर्यंत नेऊन, तिच्या कुशीतून बारीक तारा व साधने पित्तनलिकेत सारून खडा काढता येतो किंवा नलिकेत लहानशी पोकळ नळी बसवून पित्ताला वाट करून देता येते. ई.आर.सी.पी. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या उपचाराने असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले आहेत, याविषयी दुमत नाही. त्यासाठी लागणाऱ्या दुर्बिणीला ड्युओडेनोस्कोप म्हणतात. साध्या जठराच्या वा मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीहून तिचे वेगळेपण असे की, तिच्या टोकाशी नखाएवढी एक हलती पट्टी असते. साधनाला नेमक्या कोनात वळविण्याचे काम ही पट्टी करते. तिच्या मागच्या फटीत, बिजागरीत, तिला ओढणाऱ्या तारेच्या वाटेत पित्त, रक्त आणि आतड्यातील स्राव शिरतात. तेथे ब्रश पोहोचत नाही. ओलावा राहिला की जंतूंचा चिकट थर जमतो आणि एकदा तो जमला की रसायन त्याच्या वरून वाहून जाते. भिंगे, तारा, डिंक आणि नाजूक विद्युत्‌भाग यांमुळे ही दुर्बीण शस्त्रक्रियेच्या कात्रीप्रमाणे वाफेच्या भट्टीत घालता येत नाही. म्हणजे ज्या साधनाला निर्जंतुक होण्याची सर्वांत अधिक गरज, तेच निर्जंतुक करण्यास सर्वांत कठीण.

हे कोणाला ठाऊकच नव्हते असे नाही. हॉलंडमधील रॉटरडॅम येथे २०१२ साली अशाच एका दुर्बिणीमुळे स्यूडोमोनास जंतूचा फैलाव झाला. ती दुर्बीण उकलून पाहिली तेव्हा टोकाच्या टोपणाखाली तपकिरी साका आढळला आणि रबरी कडे झिजलेले दिसले. तरीही इतर देशांतील रुग्णालयांपर्यंत ही माहिती पोहोचण्यास फार वेळ गेला. अमेरिकी सिनेटमधील सदस्य पॅटी मरे यांच्या पुढाकाराने जानेवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, २०१२ ते २०१५ च्या वसंत ऋतूपर्यंत जगभर अशा किमान २५ घटना घडून किमान २५० रुग्णांना बाधा झाली होती. ड्युओडेनोस्कोपच्या अमेरिकी बाजारपेठेचा बहुतांश हिस्सा हाती असलेल्या ऑलिंपस या जपानी कंपनीने, संसर्गाच्या घटनांची माहिती नियामकांना आवश्यक तशी न दिल्याचा गुन्हा डिसेंबर २०१८ मध्ये न्यायालयात कबूल केला आणि दंड व जप्ती मिळून साडेआठ कोटी डॉलर भरले.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने क्षणभर थांबावे असा एक आकडा आहे. १९९३ पासून वैद्यकीय वाङ्मयात अशी समजूत रूढ होती की, दुर्बिणीच्या तपासणीतून संसर्ग होण्याची शक्यता १८ लाखांत एक एवढी क्षुल्लक आहे. या आकड्याचा छेद सर्व तपासण्यांचा होता, पण अंश मात्र केवळ छापून आलेल्या घटनांचा. संसर्ग काही दिवसांनी प्रकट होतो. तोवर रुग्ण घरी गेलेला असतो. ताप आला तर तो दुसऱ्याच डॉक्टरकडे जातो आणि तो ताप दुर्बिणीशी जोडावा असे कोणाच्या ध्यानात येत नाही. आले तरी ते छापण्यात रुग्णालयाचा लाभ नाही आणि उत्पादकाचा तर नाहीच. ज्याची नोंद ठेवण्यात कोणाचेच हित नाही त्याची नोंद शून्याकडे झुकते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात विम्याच्या व रुग्णालयांच्या नोंदी एकत्र जुळवून पाहिल्या तेव्हा, बाह्यरुग्ण केंद्रांत जठराच्या तपासणीनंतर आठवड्याभरात संसर्गाने आजारी पडलेले दर हजारी ३ आणि मोठ्या आतड्याच्या नेहमीच्या चाचणीनंतर दर हजारी १.१ निघाले. यांतील प्रत्येक संसर्ग दुर्बिणीनेच आणला असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण आतडे मुळातच जंतूंचे घर आहे आणि कित्येकदा रुग्णाचेच जंतू रुग्णाला बाधतात. परंतु १८ लाखांत एक हे समाधान त्यानंतर टिकत नाही.

या पार्श्वभूमीवर 'एकदा वापरा आणि टाकून द्या' या जातीच्या दुर्बिणी पुढे आल्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तीन उत्पादकांना धुतलेल्या दुर्बिणींचे नमुने तपासण्यास भाग पाडले होते. २०१९ मध्ये हाती आलेल्या निष्कर्षांत ५ टक्क्यांहून अधिक नमुन्यांत रोगकारक जंतू आढळले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रशासनाने रुग्णालयांना नव्या बनावटीकडे, म्हणजे निदान टोकाचे टोपण काढून टाकता येईल अशा किंवा संपूर्णच एकदा वापरावयाच्या दुर्बिणींकडे वळण्याचा सल्ला दिला, आणि डिसेंबरमध्ये संपूर्ण टाकाऊ अशा पहिल्या ड्युओडेनोस्कोपला परवानगी दिली. उत्पादकांचा युक्तिवाद सरळ आहे व तो खोटा नाही: जी दुर्बीण यापूर्वी कोणाच्याच पोटात गेलेली नाही, तिच्यावाटे दुसऱ्या रुग्णाचा जंतू येणार कोठून?

मग प्रश्न उरतो तो किमतीचा. आणि येथे बहुतेक चर्चा फसते, कारण एका बाजूची किंमत पावतीवर छापलेली असते व दुसऱ्या बाजूची विखुरलेली. समजा, २० लाखांची एक दुर्बीण पाच वर्षे टिकते. वर्षाला २०० उपचार करणाऱ्या मोठ्या रुग्णालयात तिचा दर उपचारामागे भार दोन हजार रुपये पडेल. वर्षाला ४० उपचार करणाऱ्या जिल्ह्याच्या गावातील रुग्णालयात तोच दहा हजार होईल. यात दुरुस्ती, रसायने, ब्रश, धुण्याचे यंत्र, वाळविण्याचे कपाट आणि धुणाऱ्याचे वेतन मिळवावयाचे. शिवाय संसर्ग झालेल्या रुग्णाच्या अतिदक्षता विभागातील दिवसांचा खर्च. तो रुग्णालयाच्या हिशेबात येतच नाही. तो रुग्णाच्या घरच्यांच्या हिशेबात जातो, कधी सोने गहाण टाकून, कधी भविष्यनिर्वाह निधीतून काढून. टाकाऊ दुर्बीण हा सारा विखुरलेला खर्च एका रकमेत गोळा करून समोर ठेवते. अमेरिकेत ही रक्कम हजार डॉलरांहून बरीच वर आहे, म्हणजे रुपयांत लाखाच्या घरात. तेथेही रुग्णालयांनी ती आपखुशीने सोसली असे नाही. वृद्धांसाठी असलेल्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने जुलै २०२० पासून काही काळापुरते या दुर्बिणींचे पैसे वेगळे देण्याचे मान्य केले, तेव्हा बाजारात त्यांना पाय टेकता आले. ज्या बाजारपेठेचे कौतुक मुक्त स्पर्धेच्या नावाने होते, तिचे दार सरकारी खजिन्याच्या किल्लीने उघडले होते.

आपल्याकडे हे पैसे कोण देणार, हा प्रश्न आहेच. पण त्याहूनही आधी एक वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर आपल्याच इतिहासात सापडते. काही दशकांपूर्वीपर्यंत गावोगावच्या दवाखान्यांत काचेची सिरिंज असे. कंपाउंडर ती स्टेनलेस स्टीलच्या डब्यात उकळायला ठेवी, चिमट्याने उचली. सुई बोथट झाली तर ती घासूनही घेतली जाई. मग प्लॅस्टिकची, एकदा वापरावयाची सिरिंज आली. ती स्वच्छतेची हमी म्हणून आली. वस्तुतः तिने उकळण्याची सवय तेवढी घालविली, पुन्हा वापरण्याची नव्हे. काचेची सिरिंज उकळता तरी येत होती. प्लॅस्टिकची उकळण्यासाठी बनविलेलीच नव्हती, म्हणून ती पाण्याने खळखळून दुसऱ्याच्या दंडात टोचली जाऊ लागली. २००९ च्या आरंभी गुजरातेत मोडासा व आसपासच्या गावांत 'ब' प्रकारच्या काविळीची जी साथ उसळली आणि जिने अनेकांचे बळी घेतले, तिच्या मुळाशी वापरलेल्या सिरिंजांचा फेरवापर होता. फेकून द्यावयाच्या सिरिंजा फेकल्या जात नव्हत्या. त्या धुऊन, पुन्हा पाकिटात घालून विकणाऱ्यांचा धंदाच त्या वेळी उजेडात आला. यावर खरा उपाय ठरला तो उपदेशाचा नव्हे, रचनेचा. दट्ट्या एकदा खाली गेला की पुन्हा वर येणारच नाही अशी, स्वतःला निकामी करणारी सिरिंज सार्वत्रिक लसीकरणात आली. जागतिक आरोग्य संघटनेने तर इंजेक्शनाच्या बहुतेक उपयोगांसाठी अशा सिरिंजांची शिफारस केली ती २०१५ च्या फेब्रुवारीतच, म्हणजे लॉस एंजेलिसची वार्ता बाहेर आली त्याच महिन्यात.

या अनुभवाचा दुर्बिणीशी संबंध उघड आहे. वस्तू टाकाऊ आहे की नाही हे वेष्टनावरील चिन्हाने ठरत नाही. ती पुन्हा वापरल्याने किती पैसे वाचतात यावर ते ठरते. दोन-पाच रुपयांच्या सिरिंजेचा मोह ज्यांना आवरला नाही, त्यांच्या हाती लाखाची दुर्बीण दिल्यावर ती एका रुग्णानंतर कचऱ्यात जाईल असे मानणे भाबडेपणाचे होईल. ई.आर.सी.पी.मध्ये लागणाऱ्या ज्या तारा आणि चिमटे 'एकदाच वापरावे' अशा शिक्क्यानिशी येतात, ते आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी धुऊन पुन्हा वापरले जातात, हे उघड गुपित आहे. त्यामागे नेहमी लबाडीच असते असे नाही. कित्येकदा समोरच्या रुग्णाला तो खर्च झेपणार नाही ही कणवही असते. पण पुन्हा वापरलेली टाकाऊ दुर्बीण ही सर्वांत वाईट तडजोड ठरेल. ती धुण्यासाठी बनविलेलीच नाही. तिच्या धुण्याची पद्धत कोणी लिहून ठेवलेली नाही. आणि ती धुतली गेली हेच लपवावयाचे असल्याने तिची नोंदही होणार नाही. म्हणून अशा दुर्बिणींना परवानगी देताना, पहिल्या वापरानंतर ठरावीक तासांनी त्या स्वतःहून बंद पडल्या पाहिजेत ही अट सरकारने घातली पाहिजे, आणि ती घालता येण्यासारखी आहे.

तोवर, आणि त्यानंतरही बहुसंख्य रुग्णांसाठी, धुऊन वापरावयाची दुर्बीणच राहणार. तेव्हा ती धुतो कोण, आणि किती वेळात, याची विचारपूस अधिक अगत्याची ठरते. एखाद्या सार्वजनिक रुग्णालयातील दुर्बीण विभागाचे सकाळचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. बाकावर रात्रीपासून उपाशी असलेले रुग्ण, हातात केसपेपर, सोबतीला एखादा नातेवाईक. आत दोन किंवा तीन दुर्बिणी आणि यादीत पंचवीस नावे. एक तपासणी आटोपली की दुर्बीण धुण्याच्या खोलीत जाते. तेथे तिच्या मार्गांतून लगेच पाणी खेचावयाचे, गळती तपासावयाची, प्रत्येक मार्गातून ब्रश घालून घासावयाचे, पट्टी वर-खाली करून तिच्या मागे घासावयाचे, मग रसायनात ठरलेली मिनिटे बुडवावयाची, स्वच्छ पाण्याने धुवावयाचे, आणि शेवटी हवा सोडून पूर्ण वाळवावयाचे. हे सारे करणारा माणूस बहुधा कंत्राटी असतो. ग्लुटाराल्डिहाइडच्या वाफेने त्याचे डोळे चुरचुरतात, काहींना त्याने दमाही जडतो. त्याने पहिल्या महिन्यात जे शिकले त्यापलीकडे त्याला कोणी काही शिकविलेले नसते. आणि दारातून कोणी विचारते, "झाली का रे?" ही हाक दिवसातून किती वेळा येते, त्यावर रसायनातील मिनिटे ठरतात. पुस्तकातील मिनिटांवर नव्हे.

हा दोष आपल्याच देशाचा आहे असे मानण्याचे कारण नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका निरीक्षणात, हाताने धुतलेल्या दुर्बिणींपैकी केवळ १.४ टक्के दुर्बिणींच्या बाबतीत सर्व पायऱ्या पाळल्या गेल्या होत्या. यंत्राने धुतलेल्यांत हे प्रमाण ७५.४ टक्के होते. पगारदार, प्रशिक्षित, निरीक्षक समोर उभा असलेल्या माणसांची ही कथा. तेव्हा दोष माणसाच्या आळसात शोधणे व्यर्थ आहे. दोष आहे तो त्याच्या वेळेला किंमत नसण्यात. उपचारासाठी एकगठ्ठा रक्कम देणाऱ्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांत रुग्णालयाला ती रक्कम मिळते ती खडा काढल्याबद्दल. दुर्बीण नीट धुतल्याबद्दल तीत एक पैसा अधिक नाही आणि न धुतल्याबद्दल एक पैसा कमी नाही. अशा व्यवस्थेत धुण्याचा वेळ हा शुद्ध तोटा ठरतो आणि तोटा कमी करण्याची प्रवृत्ती कोणत्याही शहाण्या व्यवस्थापकाला असते.

कचऱ्याचा मुद्दा टाकाऊ दुर्बिणींचे विरोधक हिरिरीने मांडतात, आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. अमेरिकेतील दोन केंद्रांच्या पाहणीत एका तपासणीमागे सरासरी २.१ किलो कचरा निघाला. चाचणीच्या सर्व दुर्बिणी टाकाऊ झाल्या तर कचऱ्याचे वजन ४० टक्क्यांनी वाढेल असा त्या संशोधकांचा अंदाज आहे. ड्युओडेनोस्कोपपुरते पाहिले तर, टाकाऊ दुर्बिणीमुळे होणारे कर्बवायूचे उत्सर्जन धुऊन वापरावयाच्या दुर्बिणीच्या २४ ते ४७ पट असल्याचे २०२२ च्या एका अभ्यासात आढळले. आपल्या २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत प्लॅस्टिकला लाल पिशवी आहे. पण कॅमेरा, तारा व विद्युत्‌भाग असलेली, रक्ताने माखलेली दुर्बीण कोणत्या पिशवीत टाकावी यावर तालुक्याच्या रुग्णालयातील परिचारिकेने डोके खाजवावे अशी स्थिती आहे. तरीही कचऱ्याचा हिशेब एखाद्याच्या जिवाच्या हिशेबाशी मांडणे काहीसे कोते वाटते. ज्या रुग्णाला संसर्गाने गाठले त्याच्या कुटुंबाला २.१ किलोचे गणित कोण सांगणार?

म्हणून सरसकट 'हो' किंवा सरसकट 'नाही' यांपैकी काहीच येथे उपयोगाचे नाही. ज्या रुग्णाच्या अंगात औषधांना न जुमानणारा जंतू असल्याचे आधीच माहीत आहे, त्याच्यासाठी टाकाऊ दुर्बीण वापरणे हे त्याच्यासाठी नसून त्याच्यानंतरच्या रुग्णांसाठी आहे. तिचा खर्च त्याच्या खिशातून घेणे हे अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही चूक आणि माणुसकीच्या दृष्टीनेही. तो सार्वजनिक निधीतूनच व्हावयास हवा. अवयव-प्रत्यारोपण झालेले, केमोथेरपी चालू असलेले, अतिदक्षता विभागात मरणाशी झुंजत असलेले रुग्ण यांनाही तीच सवलत मिळावी. वर्षाला मोजकेच उपचार करणाऱ्या लहान रुग्णालयांना, वीस लाखांची दुर्बीण धूळ खात ठेवण्यापेक्षा, अशा चार दुर्बिणी कपाटात असणे कदाचित स्वस्तही पडेल. बाकीच्यांसाठी टोकाचे टोपण काढता येणारी नवी बनावट हा मधला मार्ग आहे. त्यात फेकावयाचा भाग छोटा व स्वस्त, आणि धुणे मात्र पूर्वीपेक्षा सोपे.

पण या कशाचाही उपयोग व्हायचा तर आधी मोजणी हवी. धुतलेल्या दुर्बिणीतून ठरावीक काळाने नमुना घेऊन तो सूक्ष्मजीवशास्त्र विभागाकडे पाठविणे ही महागडी गोष्ट नाही. वैद्यकीय महाविद्यालयांत तो विभाग त्याच आवारात असतो. उपकरणांमुळे होणाऱ्या अपायांची नोंद घेण्यासाठी केंद्र सरकारने जुलै २०१५ मध्ये गाझियाबादच्या औषधसंहिता आयोगामार्फत एक कार्यक्रम सुरू केला. पण हा कार्यक्रम अस्तित्वात आहे हे दुर्बीण विभागात काम करणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल? आणि ज्याने नोंद केली त्याच्या रुग्णालयाचे नाव दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत झळकले, तर तिसऱ्या दिवशी नोंद करणारा उरणार नाही. वृत्तपत्रांनीही याचा विचार करावयास हवा.

राहिली गोष्ट खरेदीची. सार्वजनिक रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात दुर्बीण यंत्रसामग्रीच्या शीर्षाखाली येते, रसायन औषधे व साहित्य यांखाली, आणि धुणारा माणूस कंत्राटी सेवांखाली. तीन शीर्षे, तीन टेबले, तीन फायली. दुर्बिणीच्या खरेदीची चर्चा समितीत महिनोन्‌महिने चालते. ती धुण्यासाठी सिंक किती खोल असावे, दुसरा माणूस नेमावा की नाही, वाळविण्याचे कपाट घ्यावे की नाही, हे त्या बैठकीत निघतच नाही, कारण ती फाईल त्या टेबलावर नसते. पुढच्या निविदेत दुर्बिणीच्या किमतीशेजारी, ती एकदा धुण्यास लागणारी मिनिटे, रसायन, ब्रश आणि वेतन यांचा एक रकाना वाढविण्यासाठी कोणत्याही कायद्यात दुरुस्ती करावी लागणार नाही. अधिष्ठात्यांच्या सहीचे एक परिपत्रक त्यासाठी पुरेल.